दुरुस्ती यायची कुठल्या वाटेने?

इतिहास म्हटलं की आपल्यासमोर गड, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. आज मात्र आपण एका घरगुती अडचणीचा इतिहास बघणार आहोत. इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो की बंगळुरू, ही अडचण तुमच्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या घरी एकदा तरी येऊन गेली असेल.

रात्री संगणक अपडेट झाला. सकाळी उघडला तर सगळं जागच्या जागी आहे. फोटो आहेत, फायली आहेत, पडद्यावरचं चित्रही तेच आहे. फक्त इंटरनेट नाही. राउटरचे दिवे लागलेले आहेत, फोनवर वायफाय चालतंय, पण संगणक ढिम्म. कालपर्यंत चालत होतं, तुम्ही कशालाही हात लावलेला नाही. मग कुणीतरी सल्ला देतं, "अहो, नेटवर शोधा ना, उपाय मिळेल."

गंमत आहे ती इथेच. उपाय नेटवर आहे आणि नेटच गेलंय! प्रिंटर बिघडला तर त्याचं औषध इंटरनेटवरून आणता येतं, आवाज बंद पडला तरी आणता येतं. पण अपडेटनं नेटवर्कच बंद पाडलं, तर ज्या वाटेनं औषध यायचं तीच वाट बंद होते. माझं म्हणणं असं, की गेल्या चाळीस वर्षांतला संगणक-जाळ्यांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी याच एका पेचाशी झालेली झटापट आहे. आणि त्यात कोण सावरलं, कोण कोलमडलं, हे ठरलं ते एका गोष्टीवर: परत यायची वाट आधीच राखून ठेवली होती का?

एक तारीख, जी आधीच सांगितली होती

सुरुवात करू १ जानेवारी १९८३ पासून. अमेरिकेत आर्पानेट नावाचं जाळं होतं. विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्करी केंद्रं त्याला जोडलेली होती. १९६९ साली सुरू झालेल्या या जाळ्यावरचे संगणक एकमेकांशी बोलायचे ते एनसीपी नावाच्या नियमावलीनं. प्रोटोकॉल म्हणजे दुसरं काय, बोलण्याचे ठरलेले नियम. आधी कोण बोलणार, 'पोचलं' असं कसं कळवणार, निरोप वाटेत हरवला तर काय करायचं, याची ही आचारसंहिता.

एनसीपीची अडचण अशी होती की ती एकाच जाळ्यापुरती बेतलेली होती. मधली यंत्रणा भरवशाची आहे, निरोप पोचवण्याची जबाबदारी तिची, असं ती गृहीत धरायची. पण सत्तरच्या दशकात रेडिओवरची आणि उपग्रहावरची जाळी उभी राहू लागली. तिथे निरोप हरवणं नेहमीचंच. ही वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडायची कशी? व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ साली त्याचं उत्तर मांडलं. त्यातूनच पुढे टीसीपी-आयपी घडलं. मधल्या वाटेवर फार विश्वास ठेवू नका, निरोप नीट पोचला की नाही हे दोन टोकांनी बघावं, हा त्याचा गाभा.

कागदावर हे सुरेख होतं. पण प्रत्यक्षात बदलायचं म्हणजे काय? जाळ्यावरच्या शेकडो संगणकांवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम होत्या. त्या प्रत्येकीत नवी नियमावली बसवायची होती. आणि ज्याची बसली नाही, तो संगणक त्या दिवसापासून मुका होणार होता. थोडक्यात, हे जगातलं पहिलं मोठं 'अपडेटनंतर नेट गेलं' प्रकरण ठरू शकलं असतं.

त्या लोकांनी काय केलं ते बघा. जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये, म्हणजे वर्षभर आधी, स्थलांतराचा आराखडा लिहून सगळ्यांपुढे ठेवला. तारीख पक्की केली. १९८२ हे वर्ष दोन्ही नियमावल्या शेजारी शेजारी चालवायचं ठरलं. ज्यांना फक्त जुनी भाषा येते आणि ज्यांना फक्त नवी येते, त्यांच्यामध्ये दुभाषे म्हणून काही संगणक बसवले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंगीत तालीम घेतली. १९८२ मध्येच आधी एक दिवस आणि नंतर दोन दिवस जुनी नियमावली मुद्दाम बंद ठेवली. ज्यांनी तयारी केली नव्हती त्यांचे डोळे उघडले. तालीम संपल्यावर जुनं पुन्हा सुरू केलं.

एवढं करूनही १ जानेवारीला सगळं सुरळीत झालं असं नाही. काही ठिकाणी गाडी रुळावर यायला महिने लागले. त्या दिवसांत काही मंडळी छातीवर बिल्ला लावून हिंडत होती. 'टीसीपीच्या स्थलांतरातून मी वाचलो' अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. विनोद होता खरा, पण त्यामागे घाम होता. तरीही जाळं कोसळलं नाही, आणि आज तुम्ही ज्या इंटरनेटवर मला ऐकता ते त्याच नियमावलीवर उभं आहे.

११४ यंत्रं आणि एक चुकलेली ओळ

आता सात वर्षं पुढे येऊ. सोमवार, १५ जानेवारी १९९०. अमेरिकेत सुट्टीचा दिवस होता. एटी अँड टी या कंपनीकडे तेव्हा देशातल्या लांब पल्ल्याच्या फोनचा मोठा वाटा होता. तिची ११४ मोठी स्विचिंग यंत्रं देशभर पसरलेली होती. आपल्या टेलिफोन एक्स्चेंजचा अवाढव्य, संगणकीकृत अवतार समजा. महिनाभर आधी, डिसेंबर १९८९ च्या मध्यावर, या सगळ्या यंत्रांत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली होती. कशासाठी? यंत्र बिघडलंच तर ते लवकर सावरावं म्हणून! हा तपशील लक्षात ठेवा.

दुपारी अडीचच्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका यंत्राला किरकोळ अडचण आली. त्यानं शेजाऱ्यांना कळवलं, "मी जरा बाजूला होतोय, माझ्याकडे कॉल पाठवू नका." पाचसहा सेकंदांत ते सावरलं आणि कामाला लागलं. जुन्या पद्धतीत सावरलेलं यंत्र "मी आलो" असा वेगळा निरोप पाठवायचं. नव्या आवृत्तीत तो निरोप वाचवला होता. त्याच्याकडून कॉल आला म्हणजे ते आलंच, असं शेजाऱ्यांनी समजायचं. हे समजून घेत असतानाच, अगदी सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आत दुसरा निरोप आला, तर मात्र शेजारच्या यंत्राचा गोंधळ उडायचा. कारण प्रोग्राममध्ये एक 'ब्रेक' ही आज्ञा नको तिथे पडली होती. गोंधळलेलं यंत्र शहाण्यासारखं स्वतःला बंद करून पुन्हा सुरू व्हायचं. आणि सुरू झालं की हाच प्रसंग ते आपल्या शेजाऱ्यांवर आणायचं.

अशी ११४ यंत्रं एकमेकांना पाडत राहिली. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर होतं, म्हणजे तीच चूक होती. सुमारे नऊ तास निम्म्याच्या आसपास कॉल लागतच नव्हते. कुणीतरी बाहेरून हल्ला केला असावा, अशी कुजबुजही झाली. हॅकर या शब्दाची तेव्हा नुकती धास्ती बसू लागली होती. प्रत्यक्षात चोर बाहेरचा नव्हता. तो महिन्यापूर्वी रीतसर, पुढच्या दारानं घरात आला होता.

इंजिनीयरांनी आधी यंत्रायंत्रांतल्या निरोपांची गर्दी कमी केली. निरोप विरळ झाले तसे दोन निरोप एकदम येणं थांबलं आणि रात्री साडेअकराच्या सुमारास जाळं शांत झालं. मग नवी आवृत्ती काढून जुनी परत बसवली. जुनी आवृत्ती जपून ठेवली होती म्हणून हे जमलं. चुकलेली ओळ नेमकी कुठली याचा शोध सावकाश घेता आला. आधी मागे या, मग शोधा. वैद्य आधी ताप उतरवतो आणि मग तापाचं कारण बघतो, तसंच हे.

जाळं संगणकाच्या पोटात शिरलं

या दोन्ही गोष्टी मोठ्यांच्या झाल्या. ही अडचण आपल्या घरात कधी आली?

भारतात संशोधन संस्थांसाठी एर्नेट हे जाळं १९८६ साली सुरू झालं. मुंबईतली एनसीएसटी ही संस्था आणि आयआयटीसारख्या संस्था त्यात होत्या. सामान्य ग्राहकासाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. आणि त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ बाजारात आलं. योगायोगच, पण बोलका.

कारण त्याआधीच्या विंडोज ३.१ ला इंटरनेटची भाषा मुळात येतच नव्हती. ती बाहेरून शिकवावी लागायची. त्यासाठी ट्रम्पेट विनसॉक नावाचा एक छोटा प्रोग्राम फार लोकप्रिय होता. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या पीटर टॅटम यांनी तो लिहिला होता. विंडोज ९५ नं ही विद्या स्वतःतच आणली. डायल करणं, टीसीपी-आयपी बोलणं, सगळं घरचंच.

सोय मोठी झाली, पण एक नातं कायमचं बदललं. तोवर ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी होती आणि नेट जोडणारा प्रोग्राम वेगळा होता. आता ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की नेटही तिच्याबरोबर बदलणार. जुन्या प्रोग्रामची विनसॉक फाइल आणि नव्या विंडोजची विनसॉक फाइल एकाच नावाच्या. एका म्यानात दोन तलवारी! मोडेम डायल करायचा, ती ओळखीची किरकिर ऐकू यायची, जोडणी व्हायची, आणि ब्राउझर मात्र हलायचा नाही. 'अपडेट केलं आणि नेट गेलं' ही घरोघरीची तक्रार खऱ्या अर्थानं इथून सुरू होते.

नाव बदललं, घर तेच

मला या इतिहासात सगळ्यात आवडणारी कथा आहे ती लिनक्सची, कारण तिथे काहीच मोडलेलं नसतं.

लिनक्समध्ये संगणकाच्या पहिल्या नेटवर्क कार्डाला वर्षानुवर्षं ईटीएच-० म्हणायचे, दुसऱ्याला ईटीएच-१. अडचण अशी की दोन कार्डं असली तर कुठलं आधी सापडेल त्यावर नंबर ठरायचा. आज जे शून्य होतं ते उद्या संगणक पुन्हा सुरू केल्यावर एक व्हायचं. ज्या सर्व्हरवर एक तार बाहेरच्या जगाची आणि एक तार आतल्या ऑफिसची, तिथे अशी अदलाबदल म्हणजे घराचा दरवाजा आणि तिजोरीचा दरवाजा बदलण्यासारखं. म्हणून जानेवारी २०१३ मध्ये सिस्टिमडी या प्रणालीनं नवी पद्धत आणली. कार्ड मदरबोर्डावर जिथे बसलंय त्या जागेवरून त्याचं नाव. उदाहरणार्थ ईएनपी३एस०, म्हणजे तिसऱ्या बसवरची शून्य क्रमांकाची खाच. पुढे रेड हॅट, उबुंटू, डेबियन अशा एकेका वितरणात ही पद्धत रुळली.

विचार चांगला. पण जुन्या फायलींमध्ये लिहिलेलं असायचं, 'ईटीएच-० ला अमुक पत्ता द्या.' अपडेटनंतर त्या नावाचं कुणी घरात उरलंच नसलं, तर? पोस्टमन दारात उभा, माणूस घरात बसलेला, पण पाटीवरचं नाव बदललेलं, म्हणून पत्र परत!

माझ्या ओळखीच्या एका मराठी वाचनालयात हे घडलेलं मी पाहिलंय. महाराष्ट्राबाहेरचं छोटं वाचनालय, कुणीतरी देणगी दिलेला जुना संगणक, त्यावर लिनक्स. सभासदांची सगळी नोंद ऑनलाइन. अपडेटनंतर नेट गेलं आणि ग्रंथपाल काका हवालदिल झाले. "सर, तार बदलून बघितली, राउटर बदलून बघितला, आता कार्डच नवं घ्यावं लागणार बहुतेक." मी म्हटलं, "काका, पैसे थांबवा. कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकतोय ना? म्हणजे ते जिवंत आहे." माझा फोन यूएसबीच्या तारेनं संगणकाला जोडला आणि फोनचं नेट तात्पुरतं त्याला दिलं. मग कार्डाचं आजचं नाव काय ते विचारलं, फाइलमध्ये एक ओळ बदलली, आणि दहा मिनिटांत वाचनालय पुन्हा सुरू झालं. काका म्हणाले, "म्हणजे सासरी आलेल्या सुनेचं नाव बदललं आणि माहेरची पत्रं येईनाशी झाली, असंच ना?" याहून चांगलं स्पष्टीकरण मी तरी ऐकलेलं नाही.

सूचना लावली, पण कुठे?

डिसेंबर २०१६. ब्रिटन आणि युरोपात विंडोज १० वापरणाऱ्या बऱ्याच लोकांचं इंटरनेट अचानक गेलं. इथे डीएचसीपी म्हणजे काय ते समजून घेतलं पाहिजे. तुमचा संगणक जाळ्यात आला की राउटरला विचारतो, "मला पत्ता द्या." राउटर एक पत्ता भाड्यानं देतो. ही देवाणघेवाण म्हणजे डीएचसीपी. विंडोजमधली एक अंतर्गत सेवा कोसळत होती आणि तिच्यामुळे काही संगणकांना हा पत्ताच मिळत नव्हता. पत्ता मिळाला नाही की संगणक स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण करतो, १६९.२५४ नं सुरू होणारा. तो दिसला की समजायचं, आपण राउटरला हाक मारतोय पण उत्तर मिळत नाहीये.

मायक्रोसॉफ्टनं मदतीची सूचना लावली: संगणक रीस्टार्ट करा. नुसता शटडाउन नको, रीस्टार्टच. यातली मेख अशी की विंडोजच्या नव्या आवृत्त्या शटडाउन करताना जलद सुरू होण्यासाठी स्वतःचा गाभा गोठवून ठेवतात, त्यामुळे तोच आजार दुसऱ्या दिवशी पुन्हा जागा होतो. रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. सल्ला बरोबर होता. पण ही सूचना होती कंपनीच्या संकेतस्थळावर. ज्यांना तिची गरज होती त्यांना ती दिसणार कशी? १३ डिसेंबरला दुरुस्तीचं अपडेट आलं, तेही नेटवरूनच.

मोठ्यांची वाट बंद होते तेव्हा

हा पेच बड्या कंपन्यांनी तरी सोडवला असेल असं तुम्हाला वाटेल. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. आपल्याकडे साधारण नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप एकदम बंद पडलं. हे ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट नव्हतं, पण जात तीच. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेनं कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळंच तुटलं. अशा आज्ञा तपासून अडवणारा पहारेकरी प्रोग्राम होता, पण त्याच्यातच दोष होता. डेटा सेंटर दिसेनात म्हणून नाव-पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरांनी स्वतःला जगाच्या नकाशावरून काढून घेतलं. इंजिनीयरांची दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर होती. दुसरी, राखीव वाटही चालली नाही. शेवटी माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं, आणि तिथली सुरक्षा इतकी कडेकोट की आत शिरून यंत्रांना हात लावायलाच वेळ लागला. सेवा परत यायला सहा तासांच्या वर गेले.

आणि १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतं. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी त्याची एक सदोष फाइल जगभर गेली. कंपनीनं ती ७८ मिनिटांत मागे घेतली. पण तोवर सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. सुरू व्हायचे, कोसळायचे, पुन्हा सुरू व्हायचे. दुरुस्ती तयार होती, पण ती उतरवून घ्यायला संगणक नेटपर्यंत पोचायलाच हवा ना! काहींना सल्ला मिळाला की संगणक पुन्हा पुन्हा सुरू करत राहा, वेळ पडली तर पंधरा वेळा. कारण कोसळण्याआधीच्या त्या काही क्षणांत तो नेटपर्यंत पोचला, तर नवी फाइल उचलेल. बाकीच्यांपाशी माणूस जाऊन बसला, सेफ मोड उघडला आणि हातानं ती फाइल पुसली. आपल्याकडे हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशाला हातानं लिहिलेला बोर्डिंग पास मिळाला आणि त्याचा फोटो देशभर फिरला. लोक हसले. मला मात्र तो कागद फार मोलाचा वाटतो. जाळं गेल्यावरही विमान उडालं, कारण कुणालातरी हातानं पास लिहिता येत होता.

मग अपडेट करूच नये का?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. उत्तर आहे, करावं. मार्च २०१७ मध्ये विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट आलं होतं. ज्यांनी ते चढवलं नाही, त्यांच्यावर १२ मे रोजी वॉनाक्राय येऊन आदळलं आणि दीडशेच्या आसपास देशांत संगणक ओलीस धरले गेले. दीड महिन्यानं नॉटपेट्या आलं, तेव्हा आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबलं. ते टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाचं जगभरचं जाळं पार झोपलं होतं. ते पुन्हा उभं करायला लागणारी एक कळीची प्रत शिल्लक सापडली ती आफ्रिकेतल्या घानामध्ये, तीही हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून! गंमत बघा, नॉटपेट्या पसरलं तेच मुळी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून.

तेव्हा अपडेट टाळणं हा उपाय नाही आणि डोळे मिटून करणं हाही नाही. शिवकाळातले किल्ले बांधणारे मुख्य दरवाजा भक्कम करायचे, पण चोरदिंडी ठेवायला विसरायचे नाहीत. आपणही तेच करायचं.

या सगळ्या इतिहासातून मी घरासाठी काढलेले धडे सांगतो. पहिला: आधी विचारा, शेवटी काय बदललं? फोनवर नेट चालत असेल तर राउटरला बोल लावू नका, दोष संगणकाच्या बाजूला आहे. दुसरा: पत्ता बघा. १६९.२५४ असेल तर पत्ताच मिळालेला नाही, रीस्टार्ट करा. पत्ता बरोबर असून संकेतस्थळ उघडत नसेल, तर नाव-पत्त्यांच्या यंत्रणेत, म्हणजे डीएनएसमध्ये शोधा. तिसरा: जुनं जपा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर साधारण दहा दिवस मागे जायची सोय असते, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही मागच्या आवृत्तीवर नेता येतो. लिनक्समध्ये सुरुवातीच्या यादीत जुना कर्नल असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये २०१६ पासून दोन कप्प्यांची पद्धत आहे, नवं बिनसलं तर फोन जुन्या कप्प्यातून सुरू होतो. ही १९९० च्या त्या रात्रीचीच शिकवण. चौथा: दुसरी वाट तयार ठेवा. यूएसबीची एक तार आणि फोनचं नेट. कार्डाचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवलेला असेल तर सोन्याहून पिवळं. आणि पाचवा: परीक्षेचा फॉर्म, आजोबांचा पेन्शनचा दाखला, तिकिटाचं बुकिंग, अशा दिवसाच्या आदल्या रात्री अपडेट करू नका. चार दिवसांनी करा, पण नक्की करा.

१९८३ साली ती मंडळी तंत्रात आपल्यापेक्षा पुढे नव्हती. त्यांच्याकडे आपल्यापेक्षा एकच गोष्ट जास्त होती. बदल करण्याआधी 'हे फसलं तर परत कसे येऊ?' हा प्रश्न त्यांनी वर्षभर आधी स्वतःला विचारला होता. आज अपडेट एका बटणावर आलंय, म्हणून तो प्रश्न विचारायचा राहून जातो. पुढचं अपडेट दारात आलं की बटण दाबण्याआधी तेवढा एक प्रश्न विचारा, आणि घरातल्या ज्येष्ठांच्या संगणकाजवळ ती यूएसबीची तार आजच ठेवून द्या.